स्पॅनिश बोलण्यातील संबोधनांवर पहिला शोधनिबंध लिहिणाऱ्यांसाठी

मराठीत आपण एखाद्याशी ‘अरेतुरे’ करतो किंवा ‘अहोजाहो’ करतो. स्पॅनिशमध्येही या वागण्याला स्वतंत्र क्रियापदे आहेत: ‘तुतेआर’ म्हणजे समोरच्याला ‘तू’ म्हणणे, ‘उस्तेदेआर’ म्हणजे ‘उस्तेद’ म्हणणे, आणि लॅटिन अमेरिकेच्या मोठ्या भागात ‘बोसेआर’ म्हणजे ‘बोस’ म्हणणे. स्पॅनिशमधले ‘तू’ आणि मराठीतले ‘तू’ हे तर एकाच प्राचीन भारोपीय मुळातून आलेले शब्द आहेत. ही ओळख पहिल्या वर्गापासून पटत असल्यामुळे स्पॅनिशचे पदव्युत्तर शिक्षण घेणारे मराठी विद्यार्थी, मग ते दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात असोत, हैदराबादच्या इंग्रजी व परकीय भाषा विद्यापीठात असोत किंवा स्पेनमध्ये एखाद्या मास्टर्स अभ्यासक्रमाला गेलेले असोत, पहिल्या शोधनिबंधासाठी हा विषय आवडीने घेतात. निवड चांगली आहे. अडचण येते ती पुढे, विद्यापीठाला ‘निबंध’ या शब्दाने नेमके काय अपेक्षित आहे हे कोणी सांगितलेले नसते तेव्हा.

या अपेक्षेला स्पॅनिश जगात एक नाव आहे: ‘आल्फाबेतिसासिओन आकादेमिका’, म्हणजे विद्यापीठीय साक्षरता. अर्जेंटिनातील अभ्यासक पाउला कार्लिनो यांनी या शतकाच्या आरंभी ही संकल्पना स्पॅनिशमध्ये रुजवली. शाळेत मिळालेले वाचन-लेखन विद्यापीठात आपोआप पुरत नाही, प्रत्येक ज्ञानशाखेची वाचण्याची आणि लिहिण्याची स्वतःची रीत असते, आणि ती शिकवणे ही विद्यापीठाचीही जबाबदारी आहे, असे त्यांचे म्हणणे आहे. ब्रिटनमध्ये मेरी ली आणि ब्रायन स्ट्रीट यांनी १९९८ साली याच्या जवळचा मुद्दा मांडला होता: विद्यार्थ्याच्या लेखनातल्या अडचणी बहुतेक वेळा व्याकरणाच्या नसतात, कशाला ज्ञान मानायचे याबद्दल विद्यार्थी आणि प्राध्यापक यांच्या समजुती वेगळ्या असल्यामुळे त्या उद्भवतात. म्हणून तुमचे स्पॅनिश शुद्ध असूनही निबंधावर ‘हे वर्णन झाले, विश्लेषण कुठे आहे?’ असा शेरा आला, तर तो तुमच्या भाषेवरचा शेरा नाही हे आधी लक्षात घ्यावे. पुढे दिलेला क्रम त्या शेऱ्याला उत्तर म्हणून लिहिला आहे.

१. तक्ता आधी, मग त्याच्या भेगा

स्पॅनिशच्या बहुतेक प्राथमिक पुस्तकांत चार घरांचा एक तक्ता असतो. एका माणसाला सलगीने ‘तू’, आदराने ‘उस्तेद’. अनेकांना सलगीने ‘बोसोत्रोस’, आदराने ‘उस्तेदेस’. हा तक्ता पाठ करून वर्गातली परीक्षा देता येते, परंतु शोधनिबंध तिथे सुरू होतो जिथे हा तक्ता मोडतो. म्हणून पहिले काम म्हणजे तो कुठे कुठे मोडतो याचा स्वतःसाठी एक नकाशा तयार करणे.

स्पेनच्या बऱ्याच भागापुरता हा तक्ता ठीक आहे. लॅटिन अमेरिकेत मात्र बोलण्यात ‘बोसोत्रोस’ नाही. तिथे आई आपल्या लहान मुलांनाही ‘उस्तेदेस’च म्हणते, आणि त्यात आदर किंवा दुरावा काहीच नसतो. कॅनरी बेटांवरही सामान्यतः असेच आहे, तर अंदालुसियाच्या पश्चिम भागात ‘उस्तेदेस’ या सर्वनामाबरोबर ‘बोसोत्रोस’चे क्रियापद जोडलेले ऐकू येते. अर्जेंटिना, उरुग्वे, पॅराग्वे आणि मध्य अमेरिकेचा बराच भाग ‘बोस’चा आहे. कोलंबियात आन्तिओकिया प्रांतात आणि काउका नदीच्या खोऱ्यात ‘बोस’ आहे, व्हेनेझुएलात सुलिया प्रांतात आहे. चिलीत आणखी वेगळी गोष्ट घडते: सर्वनाम ‘तू’ असते किंवा नसतेच, आणि क्रियापद मात्र ‘बोस’च्या वळणाचे येते, जसे ‘काचाइ?’, म्हणजे ‘कळलं का?’.

सर्वांत मोठी भेग ‘उस्तेद’मध्येच आहे. कोलंबियाच्या राजधानीत, बोगोतामध्ये, सख्खी भावंडे आणि जिवलग मित्र एकमेकांना ‘उस्तेद’ म्हणतात. कोस्टा रिकात घरातल्या मुलांशी, इतकेच काय पाळलेल्या कुत्र्याशीही ‘उस्तेद’ने बोलले जाते. बोगोताच्या आसपासच्या डोंगराळ प्रदेशात आणि बोयाका प्रांतात ‘सुमेर्से’ हे संबोधन आजही जिवंत आहे. ‘आपली कृपा’ असा अर्थ असलेल्या जुन्या शब्दजोडीचे ते झिजलेले रूप, आज माया आणि मान दोन्ही एकत्र दाखवते. ‘उस्तेद म्हणजे आदर’ हे समीकरण घेऊन या प्रदेशांत गेलेला अभ्यासक पहिल्याच संभाषणात चुकीचा निष्कर्ष काढील.

‘उस्तेद’चा इतिहास थोडा तरी माहीत असावा, कारण व्याकरणातल्या एका गाठीचा उलगडा त्यातूनच होतो. पूर्वी ‘बोस’ हेच आदराचे सर्वनाम होते. पंधराव्या-सोळाव्या शतकांत ते इतके सरसकट वापरले जाऊ लागले की त्यातला मान उतरला, आणि मान देण्यासाठी ‘बुएस्त्रा मेर्सेद’, म्हणजे ‘आपली कृपा’, हे संबोधन पुढे आले. तोंडात झिजत झिजत सतराव्या शतकापर्यंत त्याचे ‘उस्तेद’ झाले. ‘कृपा’ तृतीयपुरुषी, म्हणून ‘उस्तेद’बरोबर क्रियापद आजही तृतीयपुरुषी येते. मराठी माणसाला हे परके वाटू नये. कचेरीतला शिपाई समोर उभ्या असलेल्या साहेबांनाच ‘साहेब आज लवकर निघाले?’ असे विचारतो, ‘निघालात’ असे म्हणत नाही. समोरच्या माणसाला थेट न बोलता त्याच्याविषयी बोलावे तसे बोलणे, हीच ती जुनी युक्ती. याउलट मराठी ‘तुम्ही’ हे अनेकवचन आदरासाठी वापरले गेले आहे, म्हणजे ते स्पॅनिशमधल्या जुन्या ‘बोस’च्या जातीचे आहे. ‘उस्तेद म्हणजे तुम्ही’ ही सोय भाषांतरापुरती ठेवावी; निबंधात ती लिहिली की परीक्षकाला लगेच खटकते.

२. प्रश्न लहान करणे

‘स्पॅनिशमधील संबोधने’ हा विषय आहे, प्रश्न नव्हे. वीस देशांत बोलल्या जाणाऱ्या भाषेवर पंधरा पानांत काही नवे सांगता येत नाही, आणि नवे सांगणे म्हणजे जगाला थक्क करणे असेही नाही. एखाद्या मर्यादित सामग्रीकडे स्वतःच्या डोळ्यांनी पाहून जे दिसले ते पुराव्यानिशी सांगणे, एवढीच पहिल्या निबंधाकडून अपेक्षा असते.

प्रश्न लहान करताना चार गोष्टी ठरवाव्या लागतात: कोणते शहर, कोणते बोलणारे, कोणत्या प्रसंगातले बोलणे, आणि कोणते रूप. उदाहरणादाखल कोलंबियातील मेदेयिन शहर घेऊ, कारण तिथे ‘तू’, ‘बोस’ आणि ‘उस्तेद’ ही तिन्ही रूपे एकाच माणसाच्या तोंडी येऊ शकतात. ‘मेदेयिनमधील मुलाखतींत ५५ वर्षांवरील बोलणारे वयाने लहान असलेल्या मुलाखतकाराला कोणत्या रूपाने संबोधतात आणि बोलणे रंगू लागल्यावर ते रूप बदलते का?’ हा प्रश्न आहे. त्याचे उत्तर ‘हो’, ‘नाही’ किंवा ‘काही प्रसंगी’ असे येऊ शकते, आणि तिन्ही उत्तरे निबंधाला पुरेशी आहेत.

प्रश्न मार्गदर्शकांना दाखवण्यापूर्वी त्या सामग्रीतली दोन संभाषणे पूर्ण ऐकावीत. मुलाखत देणारा माणूस स्वतःबद्दल बोलत असतो, तो मुलाखतकाराला संबोधतो फार थोड्या वेळा. तासाभराच्या बोलण्यात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच उदाहरणे मिळाली, तर प्रश्न बदलावा लागतो, आणि तो दुसऱ्या आठवड्यात बदलणे हे दुसऱ्या महिन्यात बदलण्यापेक्षा फार बरे.

३. वाचन: कोण, कोणत्या वर्षी, कशाच्या आधारावर

या विषयावरचे वाचन बहुधा १९६० सालापासून सुरू होते. त्या वर्षी रॉजर ब्राउन आणि अल्बर्ट गिलमन यांनी युरोपीय भाषांतील संबोधनांचा एक सिद्धान्त मांडला: सर्वनामाची निवड दोन अक्षांवर होते, एक अधिकाराचा आणि दुसरा आपलेपणाचा. जिथे अधिकार प्रबळ, तिथे वरचा खालच्याला ‘तू’ म्हणतो आणि खालचा वरच्याला आदराचे सर्वनाम वापरतो. जिथे आपलेपणा प्रबळ, तिथे दोघे एकमेकांना एकच रूप वापरतात. काळाच्या ओघात दुसरा अक्ष पहिल्यावर मात करत आहे, असे त्यांचे निरीक्षण होते. स्पेनपुरते पाहिले तर १९७५ साली हुकूमशहा फ्रँको गेल्यानंतरच्या बदललेल्या समाजात ‘तू’ ज्या वेगाने दुकानांत, कचेऱ्यांत आणि विद्यापीठांच्या वर्गांत पसरले, त्याने या निरीक्षणाला पुष्टीच मिळते.

परंतु विद्यापीठीय वाचन म्हणजे सिद्धान्त समजून घेऊन तो लागू करणे एवढेच नाही. बोगोतातल्या दोन भावांचे ‘उस्तेद’ या चौकटीत कुठे बसवायचे, हा प्रश्न वाचताना पडला पाहिजे. आदराचे म्हणून जे रूप मांडले गेले, तेच इथे आपलेपणाचे रूप आहे. कोलंबियाच्या अभ्यासकांनी म्हणूनच दोन ‘उस्तेद’ मानावेत की काय याची चर्चा केली आहे: एक दुराव्याचे, एक जवळिकीचे. अशी जागा सापडली की समजावे, निबंधाचा गाभा हाती लागला.

टिपण काढताना तीन गोष्टी वेगळ्या ठेवण्याची सवय लावावी. लेखक काय म्हणतो, कशाच्या आधारावर म्हणतो, आणि त्यावर माझा प्रश्न काय. दुसरा रकाना बहुतेकांचा रिकामा राहतो आणि तोच महत्त्वाचा असतो. लेखकाने प्रश्नावली वाटली होती की प्रत्यक्ष बोलणे ध्वनिमुद्रित केले होते? नाटकांतले संवाद तपासले होते? कोणत्या वर्षी? संबोधने एका पिढीत बदलतात, त्यामुळे स्पेनविषयी साठ वर्षांपूर्वी केलेले विधान ‘स्पेनमध्ये असे आहे’ या वर्तमानकाळात उतरवणे ही वाचनातली चूक ठरते.

एक तांत्रिक बाब इथेच सांगून टाकतो. स्पॅनिश माणसाला साधारणतः दोन आडनावे असतात, पहिले वडिलांकडून आलेले आणि दुसरे आईकडून, आणि संदर्भसूचीत नोंद पहिल्या आडनावाखाली होते. फ्रान्सिस्को मोरेनो फेर्नान्देस यांची नोंद ‘मोरेनो’खाली लागते, ‘फेर्नान्देस’ हे त्यांचे एकमेव आडनाव समजून केलेली नोंद चुकीची असते आणि ती फार वेळा दिसते.

४. सामग्री कुठून आणावी

बोलण्यातील संबोधनांवर लिहायचे तर बोलणेच हवे. चित्रपटातले आणि मालिकांतले संवाद हे लेखकाने लिहिलेले असतात. त्यांचा अभ्यास करता येतो, पण तो त्या लेखकांच्या कल्पनेतल्या बोलण्याचा अभ्यास होतो, आणि निबंधात तसेच म्हणावे लागते.

सुदैवाने स्पॅनिशमध्ये बोलण्याचे मोठे संग्रह, म्हणजे कॉर्पस, उपलब्ध आहेत. स्पेन आणि लॅटिन अमेरिकेतल्या शहरांच्या बोलीचा सामाजिक अभ्यास करणारा ‘प्रेसेएआ’ हा प्रकल्प अल्काला विद्यापीठातून चालवला जातो. त्यात प्रत्येक शहरातल्या बोलणाऱ्यांची निवड लिंग, वय आणि शिक्षण यांनुसार केलेली असते; वयाचे गट २० ते ३४, ३५ ते ५४ आणि ५५ च्या पुढे असे तीन, शिक्षणाच्या पातळ्याही तीन, आणि प्रत्येक मुलाखत साधारण पाऊण तासाची. एकाच पद्धतीने गोळा केल्यामुळे एका शहराची दुसऱ्याशी तुलना करता येते, हा तिचा मोठा गुण. शिवाय या मुलाखतींच्या आरंभी संबोधनाचा विषय स्वतःहून काढलेला असतो. त्यामुळे माणूस ‘मी अमक्याला उस्तेद म्हणतो’ असे जे सांगतो आणि पुढच्या पाऊण तासात तो प्रत्यक्ष जे करतो, त्यांतला फरक पाहता येतो. हा फरक स्वतःच एका निबंधाचा विषय आहे, आणि मला तो फार मोलाचा वाटतो.

व्हॅलेन्सिया विद्यापीठातील आन्तोनिओ ब्रिस आणि त्यांच्या ‘बालेस्को’ गटाने गोळा केलेली संभाषणे वेगळ्या जातीची आहेत: मित्र, नातेवाईक, शेजारी यांच्या मोकळ्या गप्पा. बोलीभाषेच्या अभ्यासासाठी ती उत्तम आहेत, पण त्यांत जवळजवळ सगळे एकमेकांना ‘तू’च म्हणतात; ‘उस्तेद’ शोधणाऱ्याने तिथे वेळ घालवू नये. स्पॅनिश अकादमीचे ‘क्रेआ’ आणि ‘कोर्पेस’ हे संग्रह आकाराने फार मोठे असले तरी त्यांचा सुमारे ९० टक्के भाग लिखित भाषेचा आहे, तेव्हा शोध घेताना ‘मौखिक’ हा पर्याय निवडायला विसरू नये.

स्वतः ध्वनिमुद्रण करायचे असेल तर बोलणाऱ्यांची लेखी संमती आधी घ्यावी, नावे बदलावीत, आणि विद्यापीठाच्या नैतिकता समितीची परवानगी लागते का हे मार्गदर्शकांना विचारावे. पहिल्या निबंधासाठी मी तयार संग्रहच सुचवीन.

५. मोजणी: इथे घाई करू नये

बहुतेक पहिले निबंध या टप्प्यावर फसतात. माझाही फसला होता. मी संग्रहात ‘उस्तेद’ हा शब्द शोधला, जितका सापडला तितका मोजला, ‘तू’ मोजला, टक्केवारी काढली, आणि प्राध्यापिकांनी निबंध परत पाठवला. त्यांनी समासात एकच वाक्य लिहिले होते: ‘जे उच्चारले नाही ते कुठे आहे?’

स्पॅनिशमध्ये कर्ता बहुधा उच्चारला जात नाही. मराठीत आपण ‘कुठे चाललास?’ किंवा ‘कुठे चाललात?’ असे विचारतो. ‘तू’ किंवा ‘तुम्ही’ हा शब्द वाक्यात नसतो, आणि तरीही सगळे संबोधन त्या शेवटच्या अक्षरात असते. स्पॅनिशचे तसेच आहे. संबोधन क्रियापदाच्या प्रत्ययात असते, ‘ते’ (तुला) आणि ‘ले’ (आपल्याला) यांसारख्या क्रियापदाला लागून येणाऱ्या लघुसर्वनामांत असते, ‘तु’ (तुझे) आणि ‘सु’ (आपले) या स्वामित्वदर्शक शब्दांत असते, आज्ञार्थात असते. म्हणून मोजायचे एकक ‘सर्वनाम’ हे नसून ‘समोरच्या माणसाकडे निर्देश करणारे प्रत्येक रूप’ हे ठेवावे लागते, आणि ती रूपे संगणक आपोआप शोधून देत नाही. संभाषण ओळीओळीने वाचून ती नोंदवावी लागतात.

नोंदवताना काही संदिग्ध जागा येतात, आणि त्यांचे काय करायचे ते आधी ठरवून निबंधात स्पष्ट लिहावे लागते. ‘ब्येने मान्याना?’ याचा अर्थ ‘तो उद्या येतो का?’ असाही होतो आणि ‘आपण उद्या येणार का?’ असाही होतो, कारण ‘उस्तेद’चे क्रियापद तृतीयपुरुषी आहे. ‘सु लीब्रो’ हे त्याचे पुस्तक, तिचे पुस्तक, त्यांचे पुस्तक, तुमचे पुस्तक, काहीही असू शकते. या संदिग्धतेमुळेच बोलणारे ‘उस्तेद’ हा शब्द ‘तू’पेक्षा अधिक वेळा उच्चारतात, आणि म्हणूनच नुसती सर्वनामे मोजणाऱ्याच्या तक्त्यात ‘उस्तेद’ फुगलेले दिसते. ‘बोस’च्या प्रदेशात उलट अडचण आहे. ‘त्येनेस’ हे ‘तू’चे आणि ‘तेनेस’ हे ‘बोस’चे, हे वर्तमानकाळात ओळखता येते; पण भूतकाळातले ‘आब्लास्ते’, म्हणजे ‘बोललास’, हे दोघांचेही असते, आणि ‘ते’ हे लघुसर्वनामही दोघांचे एकच आहे. अशा रूपांसाठी ‘तू किंवा बोस’ असा तिसरा रकाना ठेवावा. अंदाजाने कुठेतरी ढकलू नये.

मग वगळायची रूपे. ‘मीरा’, म्हणजे ‘बघ’, आणि ‘ओये’, म्हणजे ‘ऐक’, ही ‘तू’ची आज्ञार्थी रूपे आहेत, पण बोलताना ती पुष्कळदा वाक्य सुरू करण्यासाठी टाकलेली असतात, आपल्या ‘हे बघ’सारखी. त्यांचे आदरार्थी ‘मीरे’ आणि ‘ओइगा’ अजून जिवंत असल्याने ही रूपे पूर्णपणे निर्जीव झाली आहेत असे म्हणता येत नाही, म्हणून त्यांची नोंद वेगळी ठेवावी. स्पेनमधले ‘बेंगा’ मात्र दिसायला ‘उस्तेद’चा आज्ञार्थ असले, तरी ‘चल, ठीक आहे’ अशा अर्थाने ते जिवलग मित्रालाही म्हटले जाते. ते ‘उस्तेद’मध्ये मोजले तर निष्कर्ष उलटा होईल.

शेवटची आणि फसवी जागा म्हणजे सर्वसामान्य ‘तू’. ‘नव्या शहरात येतोस आणि कुणालाच ओळखत नाहीस’ असे एखादा स्पॅनिश माणूस स्वतःच्या अनुभवाबद्दल सांगतो, तेव्हा तो समोरच्याला संबोधत नसतो. मराठीतही ‘तू कितीही मरमर काम कर, वरच्याला दिसतच नाही’ हे वाक्य ऐकणाऱ्याबद्दल नसते. मुलाखतकाराला एरवी ‘उस्तेद’ म्हणणारी व्यक्ती अशा वाक्यात ‘तू’ वापरू शकते, आणि त्याला ‘रूपबदल’ म्हणून नोंदवले, तर तुमच्या सर्वांत आकर्षक उदाहरणाचाच आधार जातो.

संबोधने सर्वनामांत संपत नाहीत हेही ध्यानात ठेवावे. पहिल्या नावाआधी मानाने लागणारे ‘दोन’ (पुरुषासाठी) आणि ‘दोन्या’ (स्त्रीसाठी), मेक्सिकोतले ‘लिसेन्सियादो’ (पदवीधर) आणि ‘इंखेन्येरो’ (अभियंता), स्पेनमधल्या तरुणांचे ‘तीओ’ (मित्रा), अर्जेंटिनातले ‘चे’ (अरे), कोलंबियातले ‘पार्से’ (दोस्ता), यांची नोंद वेगळ्या रकान्यात केली, तर पुढे अर्थ लावताना फार उपयोग होतो: ‘दोन’ लावून पहिल्या नावाने हाक मारणाऱ्याचे ‘उस्तेद’ आणि ‘पार्से’ म्हणणाऱ्याचे ‘उस्तेद’ हे शब्द एक असले तरी नाती निराळी असतात.

६. अर्थ लावणे

आकडे हाती आल्यावर ‘वृद्ध लोक अधिक आदराने बोलतात, म्हणून ते उस्तेद वापरतात’ असे लिहिण्याचा मोह होतो. हे वर्तुळाकार आहे: ‘उस्तेद’ला आधी आदर मानायचे, आणि मग ‘उस्तेद’ दिसले म्हणून आदर सिद्ध झाला म्हणायचे. आदराचा पुरावा त्या रूपाच्या बाहेरून यावा लागतो, म्हणजे सोबतच्या हाकेतून, विषयातून, हसण्यातून, एकमेकांचे बोलणे तोडण्यातून.

सर्वाधिक सांगून जातात ते रूप बदलण्याचे क्षण. आपल्याकडे एरवी ‘अरे’ म्हणणारी आई रागावली की मुलाला ‘अहो, उठायचं का आता?’ असे म्हणते, आणि मुलाला त्यातला राग बरोबर कळतो. स्पेनमध्ये ‘तू’ची सवय असलेल्या नात्यात अचानक आलेले ‘उस्तेद’ तसेच काम करू शकते, पण जिथे ‘उस्तेद’ रोजचेच आहे तिथे ते करू शकत नाही. प्रत्येक बदलाच्या ठिकाणी आधीच्या आणि नंतरच्या दहा-दहा ओळी निबंधात घ्याव्यात, कारण वाचकाला तुमचा अर्थ तपासून पाहता आला पाहिजे.

मराठीशी तुलना इथे मदतीला येते, पण तिला पुराव्याची जागा देऊ नये. मराठी घरांत अनेकदा आईला ‘तू’ आणि वडिलांना ‘तुम्ही’ म्हटले जाते, म्हणून स्पॅनिश घरातही तसे असेल ही अपेक्षा सामग्रीतून पडताळली नाही, तर तो केवळ आपल्या घराचा पडसाद ठरतो.

७. लिहिणे

प्रस्तावना कशी बांधावी याचे जॉन स्वेल्स यांनी १९९० साली केलेले वर्णन आजही उपयोगी पडते. संशोधनलेखांच्या प्रस्तावनांत तीन चाली दिसतात, असे त्यांनी दाखवले: आधी क्षेत्र दाखवायचे, मग त्या क्षेत्रातली रिकामी जागा दाखवायची, आणि मग आपण ती जागा कशी भरणार ते सांगायचे. आपल्या उदाहरणात त्या अशा येतील: मेदेयिनमध्ये तीन रूपे शेजारी नांदतात हे ज्ञात आहे, आजवरच्या वाचनात मुलाखतीच्या आत होणाऱ्या बदलाकडे कमी लक्ष दिलेले आढळले, हा निबंध अमुक मुलाखतींतले ते बदल तपासतो. दुसरी चाल लिहिताना ‘यावर कोणीही लिहिलेले नाही’ असे कधीही म्हणू नये. आपण जे वाचले तेवढ्यापुरतेच बोलावे.

निबंधाचे पहिले पान स्पॅनिश भाषेच्या महतीने, ती बोलणाऱ्यांच्या संख्येने किंवा एखाद्या सुभाषिताने सुरू करण्याची आपल्याकडची रीत इथे सोडावी. परीक्षक पहिल्या परिच्छेदात प्रश्न शोधतो.

निबंधातही संबोधनाचा प्रश्न येतोच. स्पॅनिश विद्यापीठीय लेखनात वाचकाला ‘तू’ किंवा ‘उस्तेद’ असे थेट संबोधत नाहीत. ‘से ओब्सेर्बा’, म्हणजे ‘असे दिसून येते’, ही कर्तृविहीन रचना किंवा ‘एमोस आनालिसादो’, म्हणजे ‘आम्ही विश्लेषण केले आहे’, हे एकट्या लेखकाचेही अनेकवचन प्रचलित आहे. काही प्राध्यापक आता ‘मी’ चालवून घेतात. कोणते चालेल ते विचारावे, आणि जे निवडाल ते शेवटपर्यंत एकसारखे ठेवावे. दाव्याचे वजन पुराव्याइतकेच असावे: सहा मुलाखतींवरून ‘मेदेयिनचे लोक’ असे म्हणता येत नाही, ‘या सहा बोलणाऱ्यांत’ असे म्हणता येते, आणि ‘पारेसे के’, म्हणजे ‘असे वाटते की’, ही रचना कमकुवतपणाची खूण नाही.

स्पॅनिश लिहिताना प्रत्येक उदाहरणाला क्रमांक द्यावा, संग्रहाचे नाव आणि मुलाखतीचा क्रमांक द्यावा, आणि उदाहरण संग्रहात जसे शब्दांकित केलेले आहे तसेच ठेवावे. अडखळणे आणि अर्धवट वाक्ये ‘सुधारू’ नयेत. दुसऱ्याचे वाक्य स्वतःच्या शब्दांत लिहिले तरी त्याचे नाव आणि वर्ष द्यावेच लागते. आपल्या शाळांत पुस्तकातले उत्तर जसेच्या तसे लिहिणाऱ्याला पूर्ण गुण मिळत असल्यामुळे हा नियम नव्या विद्यार्थ्याला जाचक वाटतो. परदेशी विद्यापीठांत मात्र त्याच्या भंगाला चोरीच मानतात आणि त्यासाठी अनुत्तीर्ण करतात.

८. मार्गदर्शकांशी बोलताना

पहिल्या ईमेलची सुरुवात ‘एस्तिमादा प्रोफेसोरा’ किंवा ‘एस्तिमादो प्रोफेसोर’ अशी करावी आणि त्यापुढे स्वल्पविराम न देता अपूर्णविराम (:) द्यावा. स्पॅनिश पत्रलेखनाचा तसा नियम आहे. मजकूर ‘उस्तेद’मध्ये लिहावा आणि शेवटी ‘उन कोर्दियाल सालुदो’ लिहून पूर्ण नाव द्यावे. स्पेनमध्ये बहुधा पहिल्याच उत्तरात प्राध्यापक ‘तू’ वापरतात किंवा ‘मला तू म्हण’ असे लिहितात, आणि त्यानंतर ‘उस्तेद’ला धरून राहणे दुरावा दाखवणारे ठरते, जरी मराठी मनाला प्राध्यापकांना ‘तू’ म्हणताना पहिले काही दिवस जड जाते. कोलंबियात आणि मेक्सिकोत घाई करू नये. तिथे ‘दोक्तोरा’ किंवा ‘माएस्त्रो’ यांसारखी हाक आणि ‘उस्तेद’ दीर्घकाळ चालू राहू शकतात. तोंडी परीक्षेच्या दिवशी परीक्षक मंडळाला मात्र ‘उस्तेदेस’ म्हणावे, स्पेनमध्येसुद्धा, आणि एरवी ज्यांना ‘तू’ म्हणता ते मार्गदर्शक त्याच खोलीत बसलेले असले तरीही.